चौथी प्रत

वरची बाजू कुठली, एवढंच विचारायचं होतं.
भर मे महिन्यात महालात गेलो,
काखेत ती चौथी प्रत, खिशात काचेची मापं.
चाळीस वर्षं फ्रेमा करतो मी:
देव, लग्नं, हार घातलेले फोटो.
त्यांना डोकं असतं, पाय असतात.
हिला नव्हते.

"बसा जी," भारती हेडाऊ म्हणाल्या, "हात गुंतले आहेत."
कूलर बंद. वाऱ्यानं राळेची पूड उडते म्हणे.
जस्ताचा एक पत्रा आम्लात उतरलेला,
आणि त्या कबुतराच्या पिसानं
रेघांवरचे बुडबुडे सारत होत्या,
तान्ह्या पोरावरची माशी हाकलावी तशा.

"हिवाळ्यात वीस मिनिटं लागतात.
उन्हाळ्यात आम्लाला दम नसतो.
तुमच्या हातातल्याच्या वेळी फोन वाजला,
मी दोनच मिनिटं उशिरा आली,
तवर इथचा लेप फाटून गेला होता."
इथं, म्हणजे जिथं मला
आटलेलं अंबाझरी दिसत होतं,
काठचा चिखल तडकलेला.

"मग फेकलं नाही?"
"फेकलंच होतं. तीन दिवस जिन्याखाली पडलं होतं.
चौथ्या दिवशी पाहिलं, तर तेवढंच जिवंत.
बाकीचं मी ठरवून काढलेलं.
मग बाकीचं खरवडलं. दीड महिना."

दीड महिना खरवडलेलं
मला कुठंच दिसेना.
नुसता एक करडेपणा, झोपेतून उठलेल्या भिंतीसारखा.

मग त्याच पत्र्यात शाई भरली,
जाळीच्या कापडानं पुसली, शेवटी नुसत्या तळव्यानं.
लोहाओळीत घडवलेल्या प्रेसचं चाक
एकट्यानं फिरत नाही.
"धरा," म्हणाल्या. धरलं.
ओला कागद सोलून निघाला
आणि पत्र्यावरचं डावं उजवीकडे गेलेलं.
माझ्या बोटांचा ठसा कोपऱ्यात उमटला.
मी चपापलो. त्या हसल्या नाहीत,
पुसलाही नाही.

"पण वरची बाजू?"
"तुम्हाला काय वाटते?"

दुकानात येऊन चारदा फिरवली.
एकदा बापाच्या मागाखालचा सुताचा गुंता,
एकदा तारा, एकदा तळं.
चौथ्यांदा काहीच नाही, फक्त काळं,
आणि तिथंच जास्त वेळ थांबलो.

चारही बाजूंना कड्या ठोकल्या.
बिलात एकच लावली.