डावखुरी

धोबीतलावच्या गल्लीत मस्करेन्हस म्हणाला,
लेफ्टी आर्चटॉप? अन् अठरा हजारात?
मग चष्मा पुसत बसला. बराच वेळ.

भिंतभर उजव्यांसाठीच्या लटकलेल्या.
मी त्या उलट्या धरून पाहत आलेय
कॉलेजपासून.

पोटमाळ्यावरून त्यानं एक उतरवली :
फुगीर पोटाची, काकवीच्या रंगाची,
दोन बाजूंना वळणदार चिरा,
मानेपाशी लांब ओरखडा.
कुणा बॅण्डवाल्याची. लग्नं वाजवायचा म्हणे.
"तारा फिरवून देतो. घोडी नवी कोरतो.
पण आवाजाचं बटण कोपराखालीच येणार, बाय."

येऊ दे.
हळदीकुंकवाला डावा हात पुढे केला म्हणून
सुमतीमावशीनं चारचौघींत
मागे घेतलेला तिळगूळ आठवला,
का कोण जाणे.

शनिवारी गेले. जाड तार आता वर.
अंगठा फिरवला एकदाच, सगळ्यांवरून.
आत पॉलिश घासणारा पोरगा
घासायचा थांबला.

सोळा हजार दोनशे, तारांचे वेगळे.
पावतीवरचा आकडा फरफटलेला.
मस्करेन्हसच्या डाव्या तळहाताची कड निळी,
माझी असायची शाळेत,
तश्शी.