तिसरी लाइन

सालोमध्ये नोव्हेंबरात साडेतीनलाच दिवे लागतात.
वाचनालयाच्या तळघरात आम्ही सहा जण,
बूट दाराशी, मोजे ओलसर,
आणि प्रत्येकापुढे एकेक जुना फोन
ज्यात तूरेने लिनक्स घातलंय.

तूरे वीस वर्षांचा आहे. नखं कुरतडतो.
म्हणतो, बटणं शोधू नका, नाहीत.
कडेवरून बोट आत आणा, हळू,
दुधावरची साय बाजूला सारावी तसं.
तायस्तोने चाळीस वर्षं बस चालवली,
त्याचं बोट ब्रेक दाबल्यासारखं पडतं
आणि पडदाच मिटतो.
"थांबा आला," तो म्हणतो.
कुणीच उतरत नाही.

मग काळा पडदा.
त्यावर एक पांढरी रेघ, लुकलुकणारी,
दार वाजवून कुणी बाहेर उभं असावं तशी.
तूरे म्हणाला, आधी विचारा, मी कुठे आहे?
तीन अक्षरं पुरतात.
मी टाइप केली. फोनने सांगितलं.
या वयात इतकं सरळ उत्तर
मला डॉक्टरांनीही दिलेलं नाही.

पासवर्ड लिहिताना काही उमटत नाही,
ना ठिपका, ना चांदणी.
हेल्का चर्चमध्ये ऑर्गन वाजवते,
ती तीनदा म्हणाली, कीबोर्ड बिघडलाय.
नाही हो, तूरे म्हणाला, तो ऐकतोय,
फक्त बोलून दाखवत नाही.
म्हणजे आमच्या ह्यांच्यासारखा, हेल्का म्हणाली
आणि चौथ्यांदा बरोबर लिहिला.

मी कुणाला सांगितलं नव्हतं
की बावीस वर्षं मी फोनच जोडले.
तिसरी लाइन, सकाळची पाळी,
चार स्क्रू, एक पट्टी, पुढचीकडे.
दिवसाला किती, ते सांगितलं तर खोटं वाटेल.
फोनचं अंग हाताला पाठ होतं;
पोटात काय चालतं
ते विचारायला वेळ नव्हता, आणि विचारणार कुणाला.
कारखाना बंद झाला त्या शुक्रवारी
आम्हाला केक दिला. कोरडा होता.

तिसऱ्या गुरुवारी मी एक फाइल पुसायला गेले.
एक जागा जास्त सुटली, एक चांदणी जास्त पडली,
एंटर दाबलं.
फोनने 'नक्की ना?' असंही विचारलं नाही.
दोनशे अकरा नावं गेली.
दात काढल्यावर जीभ जाते
तशी मी त्या जागी पुन्हा पुन्हा गेले.
तूरेचा चेहरा उतरला.
"बॅकअप?" त्याने विचारलं.
मी नुसतं पाहिलं. मग त्यालाच दोन बिस्किटं दिली.

रात्री स्वयंपाकघरात बसून
आठवतील ते नंबर लिहायला घेतले.
बहिणीचा आला.
दंतवैद्याचा अर्धा.
मुलाचा नाही आला. लाज वाटली,
मग वाटलं, त्याला तरी माझा कुठे येत असेल.
आणि एक चार आकडी नंबर उतरला
डोक्यातून नव्हे, बोटांतून:
तिसऱ्या लाइनवरून मेकॅनिकला लावायचा तो.
मशीन अडलं की फिरवायचा,
की पिर्क्को पाना घेऊन, शिव्या देत, यायची.
मी तोही लिहिला. नाव घातलं:
पिर्क्को, अडलं तर.
लावून पाहिला नाही.

काल एक नवी बाई आली, निम्को.
हॉस्पिटलात रात्रपाळी करते.
ओले हातमोजे मांडीवर ठेवून
काळ्या पडद्यापुढे बराच वेळ गप्प बसली.
मग हळूच म्हणाली, माझ्याच फोनचा
कीबोर्ड बिघडलेला दिसतोय.

तूरे उठायला लागला.
मी हातानेच त्याला बस म्हटलं.
तिचा फोन उलटा केला,
मागच्या चारही स्क्रूंवरून नख फिरवलं, एकेक करत.
म्हटलं, ठीक आहे तो.
मला कळतं. तू लिही.