खडूची दोरी

मुनाफ पेंटर म्हणायचे,
अक्षर ब्रशने नंतर, आधी दोरीने लिहायचं.
निळ्या खडूत घोळलेली सुती दोरी,
एक टोक त्यांच्या चिमटीत, एक माझ्या.
मी नऊ वर्षांची, तांबट आळीतून
वडिलांचा डबा घेऊन निघालेली, वाटेत अडकलेली.
"खींच," ते म्हणायचे. मग मधोमध धरून
पत्र्यावर टचकन सोडायचे.
रेघ.
सैल धरली की नुसती धूळ,
फार ओढली की माझ्याच बोटाला फटका.
डबा रोज गार पोचायचा.

पुढे फ्लेक्स आला. खारीच्या शेपटीचे ब्रश
टर्पेंटाइनच्या डब्यात उभ्याउभ्या वाळले.
मी सातपूरला, व्हॉल्व्हच्या कंपनीत,
एकोणीस वर्षं आवक-जावक लिहिली.
अक्षर छान आहे हो तुमचं, साहेब म्हणाले
आणि कॉम्प्युटर बसवला.

मग ती एक रात्र.
कोण आधी, कोण नंतर, याचे दोन हिशेब आहेत
आणि दोन्ही जुळतात, आपापल्या वहीत.
सकाळी बातम्यांत एकच शब्द: तणाव.
दूध बाजाराकडे वळताना जी पाणपोई,
तिचे तिन्ही माठ फुटलेले.
ओल दोन्ही गल्ल्यांत गेलेली,
म्हणजे उताराने गेलेली.
ओलीला काय कळतंय.

शांतता समिती बसली, बिस्किटं आली.
ठरलं, नवे माठ, नवा बोर्ड.
फौजदार म्हणाले, लिहा, "शांतता राखा".
मागून शगुफ्ता, मुनाफ पेंटरांची नात:
"साहेब, हे तर दवाखान्यात लिहितात."
आमच्याकडचे हसले. तिच्याकडचे जरा थांबून,
आमचे हसले हे बघून.
बाहेर चपला शोधताना ती म्हणाली,
"दादांची दोरी आहे अजून.
दुसरं टोक धरायला कुणी नाही."

लग्नाच्या बोलावण्याला, बढतीच्या मुलाखतीला,
देवाच्या दारातल्या घंटेलासुद्धा
मी इतक्या झटकन कधी उठले नव्हते.

दोन स्टुलं, एक पत्रा, खाली पन्नास माणसं,
त्यातली निम्मी चूक शोधायला आलेली.
"खींच," ती म्हणाली. मी ओढली.
तणाव, मी म्हटलं. ती म्हणाली, हाच तर लागतो,
फक्त दोन्हीकडे कुणीतरी धरलेलं पाहिजे.
टच्च.
मी डावीकडून सुरू केलं, तिने उजवीकडून.
वाक्य एकच: पाणी थंड आहे.
तिची लिपी इकडे येत राहिली, माझी तिकडे जात राहिली,
आणि पत्र्याच्या मध्यावर, कोपराला कोपर लागला तेव्हा,
तिचं "है" आणि माझं "आहे"
शेजारी शेजारी ओले होते.
खाली कुणी टाळी वाजवली नाही.
एका म्हाताऱ्याने विचारलं, पाणी कधी भरणार?

त्यानंतर बोर्डावर दोनदा डांबर आलं,
एकदा नुसताच बुटाचा ठसा, तो आम्ही ठेवला.
दर वेळी पहिल्यापासून, दोरीपासून.
कंपनी सोडली, ते घरी तीन महिन्यांनी सांगितलं.
आता रविवारी अकरा पोरं येतात, कधी चारच.
जैद माझा "ळ" माझ्याहून गोल काढतो.
मैथिली अलिफ काढते आणि म्हणते,
ही तर नुसती काठी आहे, बाई.
शगुफ्ता म्हणते, मग सरळ काढ ना.

कुणी विचारतं, याने दंगल थांबेल का?
मला नाही माहीत.
मला एवढंच माहीत की दोरी धरली की
हाताला दुसरं काही उचलता येत नाही.

शगुफ्ताचा भाऊ माझ्याशी बोलत नाही.
माझे वडील, हातोडीने बहिरे झालेले,
बोर्ड बघायला अजून गेलेले नाहीत.
तांब्या मात्र पुढे करतात दुपारी:
"कोपऱ्यावरचं आण.
थंड असतं म्हणे."