मिठाची गुळणी

रोसामेल मिल्यालोंको रेडिओ घेऊन आला
लोकरीच्या घोंगडीत गुंडाळून,
आजारी कोकरू आणावं तसा.
दोन लाँची बदलून, स्वतः नखशिखांत भिजून.
म्हणाला, थापट मारली की बोलतो,
मग अर्ध्या वाक्यात गप्प.

चिलोए बेटावर हे दुखणं नवं नाही.
इथे खिळे गंजतात, बिजागऱ्या गंजतात,
चर्चची घंटासुद्धा घसा बसल्यासारखी वाजते.
तंत्रशाळेत मला वीज शिकवली होती.
मीठ मी इथे येऊन शिकले.

झाकण उघडलं. धूळ, कोळ्याचं एक रिकामं जाळं,
बाकी चाळीस वर्षांचा संसार शाबूत.
फक्त आतल्या पट्टीचा तो दहा पिनांचा कनेक्टर
काळवंडलेला, चहा मुरलेल्या कपासारखा.
त्यातल्या दोन पिना मात्र खरवडून चकचकीत.
"हे कोणी केलं?"
"पुतण्याने. सँडपेपरने."
पुतण्याला मी मनातल्या मनात दोन शिव्या दिल्या.
मुलामा एकदा गेला की परत येत नाही.

कॉन्टॅक्ट एन्हान्सरची माझ्याकडे एकच बाटली,
करंगळीएवढी, पुंता आरेनासच्या चुलतभावाने पाठवलेली.
ती मी शिवणाच्या डब्यात ठेवते, बटणांखाली.
टाचणीच्या टोकावर राहील तेवढाच थेंब.
पिनेला लावायचा, कनेक्टर बसवायचा, काढायचा,
बसवायचा, काढायचा,
निरगाठ सोडवताना लावतो तेवढाच जोर,
आणि जास्तीचं टिपून घ्यायचं.
वरून गुळगुळीत दिसणारा धातू आतून डोंगराळ असतो.
शिखराला शिखर टेकतं, दऱ्या रिकाम्या राहतात.
त्या दऱ्यांत हे उतरतं.
जादूबिदू काही नाही.
पिनांनी मिठाची गुळणी धरलेली असते,
ती थुंकायला लावायची.

रोसामेल खुर्ची ओढून जवळ आला.
"एतेल्विनाबाई, थोडी खरखर राहू दे."
मला वाटलं, थट्टा करतोय.
"रोज आठला मेलिंकाहून मुलगी बोलते.
आईचं विचारते.
मला जमेनासं झालं की मी रेडिओला धक्का देतो.
तिला वाटतं, गेला आवाज."

मी स्क्रू मोजत राहिले. सात. आठवा सापडेना.
थेंब तर लागून गेला होता,
आणि नीट झालेलं बिघडवायचं कसं
हे मला कुणी शिकवलेलं नाही.
पैसे घेतले नाहीत.
तो दारात बटाट्यांची पिशवी ठेवून गेला.

रात्री आठला मी माझा सेट लावला.
जोडणी टिकते का, एवढंच बघायचं होतं,
असं मी स्वतःला सांगितलं.
मुलीचा आवाज इतका स्वच्छ आला
की तिच्यामागे कुणी चमचा खाली ठेवला तोही कळला.
"बाबा, आज किती छान ऐकू येतंय! आई कशी आहे?"

त्याने बटण दाबलं.
पत्र्यावरचा पाऊस. चुलीत तडकलेलं लाकूड.
श्वास. पुन्हा श्वास.
कुठे काही तुटत नव्हतं.

मी नॉब फिरवला, सेट बंद केला.
आठवा स्क्रू बाहीच्या दुमडीत निघाला.
बोटांना अजून त्या तेलाचा वास होता.
साबणाने जात नाही तो,
दुसऱ्या दिवशीच्या भाकरीलाही लागतो.