वरील जबाब वाचून दाखविला

उमदी ठाण्यात बदली होऊन मला अकरा दिवस झाले होते.
मी शिराळ्याकडचा, भाताच्या खाचरातला.
इथं नुसता माळ
आणि माळभर कन्नड.

हिरेमठ तेवढा दोन्हीकडचं बोलणारा,
तो गुड्डापूरच्या यात्रेत बंदोबस्ताला.
नेमकी त्या दिवशी ती आली.
कल्लव्वा, वय अंदाजे तीस, धंदा शेतमजुरी.
मनगटाला फडकं, हळदीनं पिवळं,
मधेच काळं पडलेलं.

म्हटलं, बाई, सांगा.
ती सांगत राहिली.
पंख्याखाली, बंद पंख्याखाली, इन्व्हर्टर तेवढा चिरकत होता.
ओळखीचा एकच शब्द सारखा येत होता:
मावा.
मावा म्हणाली की हात वर जायचा,
पदर डोक्यावर यायचा,
मग तोच हात काठीसारखा खाली.
मावा. पुन्हा पदर. पुन्हा काठी.

मी टाइप केलं:
मावा खाण्याचे किरकोळ कारणावरून.

कुणी मारलं? कोण? हू?
(माझं इंग्रजी तिच्या काय कामाचं!)
गंडा इरलिल्ला, म्हणाली.
चहावाल्या पोराला विचारलं, गंडा म्हणजे रे?
नवरा की, साहेब.
पोराला एवढंच येत होतं, आणि किटली घेऊन तो गेलासुद्धा.
पुढचा अर्धा शब्द कुणी विचारलाच नाही.

यातील आरोपी नामे फिर्यादीचा पती
याने शिवीगाळ, दमदाटी करून
हातातील काठीने उजवे मनगटावर मारून.
सोळा वर्षं हे लिहितोय,
बोटांना पाठ आहे, डोळे मिटून होतं.
शेवटची ओळ तर टाइपसुद्धा करावी लागत नाही,
संगणकात आधीच भरून ठेवलेली:
वरील जबाब मला वाचून दाखविला,
तो माझे सांगणेप्रमाणे बरोबर व खरा आहे.
वाचला मी. मोठ्यानं वाचला.
ती माझ्या तोंडाकडं बघत होती,
पाऊस पडेल का, हे आभाळाकडं बघावं तशी.
मग अंगठा.

दोन वर्षांनी जत कोर्टात
दुभाष्यासमोर तिनं तेच सांगितलं
जे मला सांगितलं होतं.
नवरा नव्हताच घरी.
तो तासगावला बेदाण्याच्या शेडवर,
हजेरीची वही वकिलानं पुढं केली.
मग मला विचारलं, जबाब वाचून दाखवला होता?
होय.
कुठल्या भाषेत, हे त्यानं विचारलं नाही.
सरकारी वकिलानंही नाही.
मीही आपणहून बोललो नाही,
हे इथं लिहून ठेवतो.

तेवढ्यात दारातून एक म्हातारा आत आला,
धोतर, हातात काठी, सावकाश
मागच्या बाकावर बसला.
पिंजऱ्यात उभी असलेली ती,
तिचा हात आपोआप वर गेला,
पदर डोक्यावर आला.

मला तेव्हा कळलं.
हिरेमठनं नंतर सांगितलं ते फक्त पक्कं झालं:
मावा म्हणजे सासरा.
आणि इरलिल्ला म्हणजे नव्हता.
तंबाखूच्या पुडीसाठी
कोणती बाई डोक्यावर पदर घेते?
माझी आई घ्यायची की,
आजोबा उंबऱ्यात खाकरले की घ्यायची.
कन्नड येत नव्हतं हे खरंय,
पण पदर तर मला येत होता.

निकालात आलं: फिर्यादीच्या सांगण्यात विसंगती,
विश्वास ठेवण्याजोगी नाही.

कोर्टाच्या पायरीवर ती उभी होती.
मनगट जरा वाकडंच सांधलेलं.
मला काहीतरी विचारलं, लांबलचक,
त्यातलं मला एकच कळलं, येष्टी.
म्हटलं, सव्वापाचला. पाच बोटं दाखवली,
मग सव्वा कसा दाखवायचा ते सुचेना.
तिनं मान हलवली आणि निघाली,
स्टँडच्या उलट्या दिशेनं.