सहाच्या खाली

कॅम्पातल्या बाईंनी काउंटरवर रुमाल उलगडला.
"ह्यांचं. विकायचं नाही, चालू करून दे."
जपानी होतं. मागचं झाकण उघडलं
आणि मी उठून शटर अर्धं खाली ओढलं.
खडेबाजाराच्या धुळीनं
हे बघायचं कारण नव्हतं.

वडील सांगायचे,
डायलच्या तळाशी, सहाच्या खाली,
मुंगीएवढे दोन शब्द असले, स्वित्झर्लंडचे,
तर आधी हात धुवायचे.
नसले तर चहा पिता पिता उघडलं तरी चालतं.
वीस वर्षं मी तेच पाळत आले.
ह्याच्या सहाच्या खाली ते शब्द नव्हते,
आणि काटा असा घासलेला
की ह्या बाजूनं कोळसा,
मनगट जरा कललं की दूध.

कल्लाप्पा मुचंडीकरला बोलावलं.
उद्यमबागेत तो क्रँकशाफ्ट ग्राइंड करतो,
ओरखडा नखानं मोजतो.
आयग्लास लावून इतका वेळ गप्प राहिला
की मला वाटलं, झोपला.
किंमत सांगितली, ती त्यानं आधी बोनसांत मोजली,
मग म्हशींत,
मग सोडून दिली.
"माणसानंच केलंय की," म्हणाला,
आणि स्कूटरला किक मारून गेला.

सात वर्षं.
दुसरी शिफ्ट सुटल्यावर,
कथलाची चकती, हिऱ्याची भुकटी,
बायकोच्या शिवणयंत्राची मोटर.
घरात 'सूत' हा शब्द बंद झाला,
भाकरी जाड झाली तरी मायक्रॉनात.
बावीस चाकं भंगारात गेली, तेविसावं बसलं.
हेअरस्प्रिंग मात्र काही केल्या जमेना.
ती माझ्याकडून नेली,
वडिलांच्या बंद पडलेल्या एचएमटीतली.
"लपवायचं नाही हं हे.
कुणी विचारलं तर सांगायचं,
केस तेवढा बेंगळूरचा."

बेअरिंगच्या डब्यात, तेलकट कागदात गुंडाळून
एका बुधवारी घेऊन आला.
मी कानाशी धरलं.
काय सांगू, फाउंड्रीच्या गावातून
इतका बारीक आवाज निघेल असं वाटलं नव्हतं.

चंदगडला बहिणीकडं घालून गेला,
तर चार सेकंद पुढं पळालं.
चहाच्या गाड्यावर लोकांनी लगेच ठरवलं,
हद्द ओलांडली की असंच होणार.
"थंडी होती रे तिथं," कल्लाप्पा म्हणाला,
"थंडीत स्प्रिंग आखडते.
तिला काय माहीत कुठला तालुका."

मग डायल राहिली.
"इथं काय लिहू?" सहाच्या खाली बोट ठेवून.
बेळगाव म्हणू की बेळगावी?
ह्या अक्षरात की त्या?
आमच्याकडं दुकानाच्या पाटीवर
कुठलं अक्षर किती उंच, त्याची मापं ठरलेली आहेत;
डायलला अजून कुणी फूटपट्टी लावली नव्हती.
मी म्हटलं, विचार कर.
तो म्हणाला, "विचारच करालोय,
मशिनवर बोट जाईल अशानं."
जागा कोरीच राहिली.

पुण्याहून एकजण आला, दागिन्यांच्या पेढीचा.
पालथं-उताणं करून बघितलं.
"छान आहे, पण कुठलं?"
कल्लाप्पा हसला, घड्याळ मनगटावर चढवलं,
शिफ्टला उशीर होतोय म्हणाला.
झालाही नव्हता. ते मी त्याच घड्याळात बघितलं होतं.

परवा तेल घालायला ठेवून गेला.
डाव्या हाताला चहाचा ग्लास, उजव्यात चावी,
मी झाकण फिरवलं.
आतल्या बाजूला, जिथं
पुढच्या कारागिराशिवाय कुणी पोचत नाही,
कोरलेल्या दोन ओळी.
एक मराठीत, एक कन्नडात,
भिंगाखाली मोजल्या, उंची सारखी:

हात धुऊन उघडा.

ग्लास खाली ठेवला.
नळाला पाणी उद्या येणार होतं.
मागच्या घागरीत तळाशी थोडं होतं,
ते तांब्यात घेतलं
आणि उंबऱ्याबाहेर ओणवं होऊन
कोपरापर्यंत धुतले.