एक बाटली कमी

पाहुणे विचारतात, तुमच्या वाईनची शैली कोणती?
मी क्वेराल्ट, या घरातली तिसरी पिढी,
चौदा अंशांच्या तळघरात टॉर्च धरून
पाठ झालेलं सांगते:
शारेल्लो द्राक्ष, चुनखडीची माती,
बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवणं,
मग पाच वर्षं आडवी झोप, मेलेल्या यीस्टच्या कुशीत.
आणि शेवटी साखर नाही. कणभरही नाही.
ते मान डोलावतात. कुणी वहीत लिहितं: संयम.
कुणी लिहितं: शुद्धता.

संयम कसला.

युद्ध संपून पाच वर्षं झाली होती
आणि साखर रेशनवर होती, पिवळट, ओलसर,
कधी मूठभर, कधी तीही नाही.
आजोबा एउदाल्दनं खेचर विकलं.
कास्तान्या तिचं नाव. वेलींच्या दोन ओळींमधून
नांगर ओढताना एक फांदी मोडायची नाही.
तिच्या बदल्यात रात्री मागच्या दारानं
एक पोतं आत आलं. पन्नास किलो.
दिवा मालवून सगळे
त्याच्याभोवती नुसते बसून राहिले म्हणे.

हिशेब असा:
फेस हवा तर बाटलीमागे अठरा ग्रॅम आधी घालायची.
यीस्ट ती खातं, श्वास सोडतं,
बूच तो श्वास दाबून धरतं.
गोडी हवी तर पुन्हा शेवटी घालायची,
गाळ उडवून दिल्यावर,
निव्वळ जिभेच्या लाडासाठी.
एका पोत्यात दोन्ही भागत नव्हतं.
बार्सिलोनाचे व्यापारी गोडच मागायचे,
तेव्हा सगळेच गोड मागायचे.
आजोबांनी अख्खं पोतं यीस्टला घातलं.
म्हणाले, तोंड गोड होवो न होवो,
उघडल्यावर आवाज तरी झाला पाहिजे.
त्या वर्षांत मोठ्यानं आवाज करायची परवानगी
फार थोड्या गोष्टींना होती.

साखर परत आली तोवर
आमचा हात तिच्याकडे जायचा विसरला होता.
पुढं बाबांनी त्याला नाव दिलं, लेबलावर छापलं.
मग कळलं, साखर म्हणजे पांघरूण.
ते काढलं की कच्चं द्राक्ष दिसतं, घाई दिसते,
दुपारच्या उन्हात तासभर विसरलेली पाटी दिसते.
म्हणून आम्ही पहाटे तोडतो, हातानं.
लाकडी फळ्यांतल्या बाटल्या रोज थोड्या फिरवतो,
तळाशी चुन्याची पांढरी रेघ,
ती घड्याळाच्या काट्यासारखी सरकते,
आणि गाळ मानेपर्यंत उतरत येतो.
माझ्या मनगटात ती खट्‌खट्‌ झोपेतही चालू असते,
नवरा म्हणतो, रात्री उशी फिरवतेस.

हे सगळं मी पाहुण्यांना सांगते. वही दाखवत नाही.
त्या वर्षीची वही, तपकिरी पुठ्ठ्याची.
पन्नास किलोला अठरा ग्रॅम:
दोन हजार सातशे सत्त्याहत्तर व्हायला हव्यात.
आजोबांनी लिहिलंय शहात्तर.
आणि समासात पेन्सिलीनं, बारीक:
एक – रेमेइ.

रेमेइ म्हणजे आत्या. तेव्हा आठ वर्षांची.
पोत्याची शिवण उसवलेली सापडली,
आत बोटाचं भोक.
कुणी रागावलं नाही. कुणी विचारलंही नाही.
नुसती एक बाटली कमी भरली.

आज तोडणी संपली. पाऊस यंदाही रुसलेला,
घड मुठीएवढे, रस थोडा पण दाट.
अंजिराखाली लांब टेबल, सगळे मजूर, सगळी पोरं,
बाबांच्या हातून उघडलेली सहा वर्षांची बाटली,
बडीशेपेचा वास, मागून किंचित कडू बदाम.
आत्या, एकोणनव्वद वर्षांची,
एप्रनच्या खिशातून
कॅफेतल्या कागदात गुंडाळलेला साखरेचा खडा काढते.
दरवर्षी काढते.
आणि दरवर्षी त्याच क्षणी आम्हा सगळ्यांना
मोन्सेर्रातचे दातेरी डोंगर बघायचे असतात.

खडा ग्लासात पडतो.
फेस उसळतो, काठावरून, टेबलक्लॉथवर,
तिच्या मनगटापर्यंत.
डोंगर बघता बघता आम्हाला ऐकू येतं,
आत्या बोट चाटते आहे.